राहिलेलं गाऱ्हाणं

डबा पडला, एवढंच झालं. परळच्या मोठ्या इस्पितळामागच्या फूटपाथवर, शुक्रवारी संध्याकाळी, इरावतीच्या पिशवीचा बंद तुटला आणि तीन पुडांचा डबा खाली आपटला. त्याची कडी कधीची सैल झाली होती. नवी बसवून घ्यायची असं ती रोज सकाळी डबा भरताना म्हणायची आणि गॅस बंद करेपर्यंत विसरायची. पुडं सुटी झाली, झाकण गडगडत लांब गेलं, आणि ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानातून जशीच्या तशी परत आलेली भेंडीची भाजी लाद्यांवर पसरली. आता यात रडण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारलं असतं. पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगावर इस्त्रीचा कुर्ता, नाकावर झकास फ्रेमचा चष्मा, आणि भर रस्त्यात भेंडीसाठी रडतेय. शोभतं का? इरावतीलाही ते शोभत नव्हतं. तिने ओठ दाबले, चष्मा काढून कुर्त्याच्या टोकाने पुसला, परत घातला, परत तो ओला झाला. त्या रडण्याला भेंडीशी देणंघेणं नव्हतं. माणसं भाजी चुकवून दोन्ही बाजूंनी चालली होती. कुणी थांबलं नाही. त्या फूटपाथवर रडणाऱ्या बाईकडे कोण बघतो? तिथे रोजच कुणी ना कुणी रडत असतं.

खरं तर ती तिथे असायलाच नको होती. गिरगावातून बस पकडली की लालबागला उतरायचं, हे तिच्या पायांना झोपेतही ठाऊक होतं. पण आज लालबाग कधी गेलं ते कळलं नाही, कंडक्टरने परळ पुकारलं तेव्हा ती दचकून उतरली, आणि उतरल्यावर पाय मागे वळायचे ते माहेरच्या गल्लीकडे वळले. माहेर आता उरलं नव्हतं. चाळ गेली, आई गेली, भाऊ बदलापूरला गेला. तरी पाय वळले. कारण दुपारी, ती दुकानात डबा उघडून पहिला घास मोडत होती तेव्हा, धनेशचा फोन आला होता. नवरा खुशीत होता. "इरा, तात्यांना विचारलं. रविवारी सकाळी येतायत. वैभवच्या लग्नाचा नारळ ठेवून टाकू. आणि म्हटलं गावाला जायचं पण त्यातच घालू. एकदा गाऱ्हाणं पडलं की विषय संपला." ती "बरं" म्हणाली होती. मग घास परत ठेवला होता आणि कडी लावली होती. ती सैल कडी.

धनेशच्या घरात गोष्टी ठरतात त्या अशाच. बोलणी कितीही होवोत, खरं ठरतं ते देवापुढे. देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवायचा, घरातल्या वडीलधाऱ्याने, म्हणजे तात्यांनी, उभं राहायचं, सगळ्यांच्या वतीने देवाला जे सांगायचं ते मोठ्याने सांगायचं, म्हणजेच गाऱ्हाणं घालायचं, आणि एकेका वाक्यामागे बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्या व्हयला सहीशिक्क्याची किंमत. त्यानंतर माघार म्हणजे देवाला खोटं पाडणं. धनेश महिनाअखेरीला शिवडीच्या गोदामातून निवृत्त होणार होता. मुलाचं, वैभवचं, श्रेयाशी लग्न ठरलं होतं. टॉवरमधली जागा ती केवढी, एक खोली, एक स्वयंपाकघर. ती पोरांना द्यायची आणि आपण दोघांनी धनेशच्या आईला घेऊन गावी जायचं, देवगडच्या पलीकडे, जिथे धनेशने हप्त्याहप्त्याने घर नव्याने उभं केलं होतं, हे इतकं सरळ होतं की त्यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. कुणी काही लपवलंही नव्हतं. गेली कित्येक वर्षं "रिटायर झालो ना की..." असं धनेश जेवताना म्हणायचा, आणि ती भात वाढत "हं" म्हणायची. हं म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. पण त्या हंवर एक अख्खं घर बांधून झालं, कौलं चढली, विहिरीवर पंप बसला.

इरावतीला गावी जायचं नव्हतं. गोष्ट एवढीच होती, आणि ती तिने आजवर स्वतःलाही पुऱ्या वाक्यात सांगितली नव्हती. कारण सांगू गेली की आई मध्ये यायची. आई या जगात नव्हती, पण मध्ये यायला ते लागत नाही. हाच फूटपाथ. इरावती तेव्हा चौथीत होती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला नाचातून काढलं होतं, घागराही शिवून झाला होता, आणि ती घरी येऊन फतकल मारून रडत बसली होती. आईने चुलीवरचं उतरवून ठेवलं, तिच्या दंडाला धरलं आणि तशीच अनवाणी ओढत इथे आणलं. तेव्हाही इथे अशीच माणसं होती, गाठोडी, स्टोव्ह, दोरीवर वाळणारे कपडे, कुठल्या कुठल्या गावांहून कॅन्सरच्या औषधाला आलेली. एका बाईच्या मांडीवर तिच्याएवढीच मुलगी होती, डोक्यावर केस नव्हता, हातावर पट्टी. आई म्हणाली, "बघितलंस? नीट बघ. आता रड." त्या मुलीने इरावतीकडे पाहिलं होतं. तिच्या पायांकडे, अनवाणी म्हणून. इरावतीचं रडणं त्या जागी थांबलं आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं थांबलेलंच राहिलं. आई वाईट नव्हती. गिरणी बंद पडलेल्या घरात तीन पोरं वाढवायची तर रडण्याला कुठेतरी बांध घालावाच लागतो. पण त्या दिवसापासून इरावतीच्या आत एक काटा बसला, तराजूचा. काहीही दुखलं की एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात हा फूटपाथ. तिचं पारडं नेहमीच वर. कॉलेज सोडावं लागलं, तेव्हा वर. पोटातलं मूल गेलं, तेव्हा वर. आणि आता तर काय, कोकणात घर, दारात कलमं, चांगला नवरा, आणि बाई म्हणते मला जायचं नाही. लाज नाही वाटत?

झाकण ज्या चटईशी जाऊन पडलं होतं तिथली बाई उठून आली. अंगाने काटक, डोक्यावर पदर. तिने झाकण पदराला पुसलं, पुडं गोळा केली, एकात एक घातली. "काऊन रडून रायल्या बाई? लागलं का कुठं?" बोलणं विदर्भाकडचं. इरावतीने मान हलवली. "नाही हो. डबा पडला." बोलली आणि अंग चोरून उभी राहिली. आता ही बाई आपल्याकडे बघणार, मग मागे इस्पितळाकडे बघणार, मग म्हणणार, डबा पडला म्हणून रडता? इथं बघा. पण बाईने खाली भाजीकडे पाहिलं. "भेंडी व्हती का? किती बारीक चिरली व्हती. एवढी मेहनत केली अन् मातीत गेली. मंग रडू तं येतेच न." तिने बाटलीतलं पाणी दिलं. इरावती प्यायली. पाणी कोमट होतं आणि त्याला प्लास्टिकचा वास होता. "तुमचं कोण आहे आत?" "पोरगी माही. पूर्वी नाव तिचं. आता दवा चढवून रायले तिले, म्हणून मी बाहीर." घ्या. झालं. तराजू आलाच समोर. इरावती घाईने म्हणाली, "माझं काही नाही हो. तुमचं केवढं मोठं..." बाईने हात उडवला. "थे हाय ते हायच. पन तुमाले सांगू का, काल कोनं तरी माही चप्पल नेली. नवी व्हती, पोरीच्या बापानं अकोल्यातून घेतली. रातभर मी त्या चोराले शिव्या देऊन रायली. पोरगी म्हणे, आई, आता झोप वं, माह्यापक्षा जास्त तं तू चपलीसाठी रडून रायली." आणि ती हसली. दात दिसण्याइतकं, खरोखरचं हसली. इरावतीने खाली पाहिलं. बाईच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक निळी, एक तपकिरी, पुरुषाची. "एक तर पाय घासते ही," बाई तपकिरीकडे बघून म्हणाली, "अन् ती दुसरी सुटते. सांगा आता."

एवढंच झालं. मग त्या बाईला आतून कुणीतरी हाक मारली आणि ती निळीतपकिरी पावलं टाकत गेली. इरावतीने भाजी कागदाने गोळा केली, कचऱ्यात टाकली, आणि लालबागच्या दिशेने चालू लागली. चालता चालता तिच्या डोक्यात त्या चपला होत्या. चाळीस वर्षं आपण ज्या फूटपाथशी स्वतःला मोजत आलो, तिथली माणसं चपलीसाठी रडतात. म्हणजे ती केस नसलेली मुलगी तेव्हा आपल्या अनवाणी पायांकडे बघत होती ती काय म्हणून? तिला वाटलं असेल का, हिचे पाय भाजत असतील? की तिलाही त्या दिवशी कशाचा तरी राग आला होता, बर्फाचा गोळा दिला नाही म्हणून, वेणी घालता येत नाही म्हणून? आईने कधी तिला विचारलं नाही. तराजूत ठेवलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, तो फक्त वजन असतो. पुलाखाली टॅक्सीवाले भाडं नाकारत होते, मसाल्याच्या दुकानांवरून मिरचीचा ठसका आला आणि ती शिंकली, आणि शिंकल्यावर तिला चक्क बरं वाटलं. नाक मोकळं झालं. तिच्या मनात एक वाक्य आपोआप तयार झालं, पुरं, कर्ता-क्रियापदासकट. मला गावी राहायचं नाही. मग दुसरं. रविवारी त्याला व्हय म्हणायचं नाही.

पण मनात म्हणणं सोपं. तोंड उघडायला गेलं की जिभेवर चाळीस वर्षांचा थर. घरी आली तेव्हा सासूबाई, जाईबाई, नेहमीच्या खुर्चीत नेहमीचा प्रश्न घेऊन बसल्या होत्या. "आयलंस? आज कोणाक चष्मो दिलंस गो?" हा प्रश्न रोजचा. जाईबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरत नव्हत्या, आणि दुकानातली गिऱ्हाइकं हीच त्यांची बाहेरची हवा. एरवी इरावती सविस्तर सांगायची. आज म्हणाली, "उद्या सांगते आई." धनेश फोन घेऊन जवळ आला. विहिरीवरच्या पंपाचा व्हिडिओ आला होता. पाणी उसळून पाटात पडत होतं आणि मागे कुणीतरी मालवणीत ओरडत होतं, आयलां आयलां. धनेशचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. आयुष्यभर शिवडीच्या गोदामात, खाडीच्या वाऱ्यात आणि ट्रकांच्या धुरात उभा राहिलेला माणूस. त्याने ते पाणी तीन वेळा बघितलं. "तुला काय गं आता, सुखच सुख," तो म्हणाला. तिने तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी आतला काटा हलला, बघ, किती चांगला आहे, लोकांचे नवरे बघ. ती म्हणाली, "चहा टाकू?" आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. स्वतःचा असा राग आला होता की भांडंच आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. चहा टाकला.

शनिवारी दुकानात ती सकाळपासून स्वतःला विचारत होती, तुला नक्की काय हवंय? कारण नको आहे एवढं म्हणून चालत नाही, लोक विचारतात मग काय हवंय. दुकान गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी. मालकिणीच्या, बीट्रिसच्या, वडिलांनी, रूपर्ट सरांनी, काढलेलं, इवलंसं, आरशांनी भरलेलं. बीट्रिस आत डोळे तपासते, बाहेर इरावती. फ्रेम निवडून देणं, नाकावर बसवणं, दांडी गरम करून कानामागे वळवणं. पगार काही सांगण्यासारखा नाही. मग काय आहे इथे? आतून बीट्रिसचा आवाज येत होता, तोच, रोजचा. "हे बरं की ते बरं? आता? हे की ते?" कुणी आजोबा होते. ते घाबरून म्हणाले, "दोन्ही सारखंच दिसतं." चुकायला नको म्हणून निम्मी माणसं हेच म्हणतात. बीट्रिस शांतपणे म्हणाली, "सारखं नसतं अंकल. घाई नाही. परत बघा." इरावतीने हातातली फ्रेम खाली ठेवली. आयुष्यभर आपण हेच सांगत आलो की. गाव की मुंबई, दोन्ही सारखंच. नाच की घागरा घडी करून ठेवणं, दोन्ही सारखंच. दुपारी गेल्या आठवड्यातली एक मावशी चष्मा न्यायला आली, भाजी विकणारी. इरावतीने तो तिच्या नाकावर बसवला, दांडी जरा वळवली. मावशी दाराशी गेली, बाहेर बघत राहिली, आणि समोरच्या दुकानाची पाटी तिने अक्षर अक्षर लावून वाचली. मग त्याच्या बाजूची वाचली. मग वळून इरावतीकडे पाहिलं. हे. हेच. रोज एखाद्याच्या तोंडावर येतं ते, पाटी वाचता आल्यावरचं. ते बघायला मला इथे राहायचं आहे. जगाच्या पसाऱ्यात ही केवढीशी गोष्ट, पण आहे ती ही आहे, आणि दुसरी नाही. संध्याकाळी शटर ओढताना बीट्रिस म्हणाली, "इरा, वैभवचं लग्न झालं की तू जाणार म्हणतात सगळे. मला कोणीतरी शोधायला लागेल. आधी सांग हां, प्लीज." इरावती म्हणाली, "कोणाला शोधू नका, मॅडम." बीट्रिसने किल्ली फिरवायची थांबून तिच्याकडे पाहिलं. "घरी बोललीस?" "उद्या बोलते."

रविवारी सकाळी दगडूतात्या आले. धनेशचे चुलते, जुन्या चाळीत अजून एकटे राहणारे, स्वच्छ धोतर, आवाज मात्र तरुणाला लाजवणारा. घरात देवापुढे बोलायचा मान त्यांचा. इरावतीला त्यांचं पहिलं गाऱ्हाणं आठवत होतं, लग्नानंतरचं. तिच्या माहेरची माणसं मूळची घाटावरची, तिला हा प्रकार नवा. चाळीतल्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे होते आणि तात्या देवाला एकेकाचं सांगत होते. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचा खोकला, कुणाच्या पोराचं अंथरूण ओलं करणं, कुणाची हरवलेली कोंबडी गावची. सगळं एकाच आवाजात, एकाच लांबीचं. कोर्टाच्या तारखेलाही एक व्हय आणि कोंबडीलाही एक व्हय. तिला तेव्हा हसू आलं होतं. शेवटी तात्यांनी विचारलं होतं, "नये व्हकले, तुजा काय सांगाचा?" आणि नवी नवरी म्हणाली होती, "माझं काही नाही." सगळे खूश. त्यानंतर दर वर्षी तात्या विचारायचे आणि ती तेच सांगायची, आणि पुढे तर ते विचारीनासे झाले, स्वतःच हसून म्हणायचे, इरावतीचा काय नाय. घरात तिचं कौतुक त्याचंच. आज नारळाला कुंकू लावताना तिला वाटलं, कोंबडीला जागा होती तिथे. मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मीच उभी राहिले नाही.

आणि आज ठरवून उभी राहिली होती. ओठ मिटून, पाय रोवून. गावाचं वाक्य आलं की गप्प बसायचं, तात्यांना ते खटकेल, ते थांबतील, मग सांगायचं. सगळं पक्कं. तात्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी तुझ्या पुढ्यात नारळ ठेयलेलो आसा, तो गोड मानून घे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." तीही म्हणाली, नारळाला काय हरकत. "वैभवाचा लगीन ठरलेला आसा, सून येतली, त्या दोघांचा बरा होवंदे म्हाराजा." व्हय म्हाराजा. वैभव लाजून खाली बघत होता. "वयल्या घरवाल्याचा पाणी आमच्या मोरयेत गळता, त्येका बुद्धी दी म्हाराजा." व्हय म्हाराजा. "माका लघवेक चार वेळा उठाचा लागता, ता वायच कमी कर म्हाराजा." व्हय म्हाराजा. तात्यांचा आवाज चढत होता, त्याला एक झोका होता, आणि त्या झोक्यात सगळ्यांची अंगं हलायला लागली होती, उदबत्तीचा धूर, व्हय म्हाराजा, फ्रीजवरची गणपतीची तसबीर, व्हय म्हाराजा. "धनेश आता गावच्या घराक जाता, त्येची बायल, त्येची आवस, सगळी वांगडा जातत, त्येंका थय सुखासमाधानात ऱ्हवांदे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आणि त्या सगळ्यांत सर्वांत खणखणीत आवाज इरावतीचा होता.

तिचा स्वतःचा आवाज तिच्या कानांवर आला. तोंड उघडं राहिलं. आता नाही कसं म्हणायचं? पंचवीस-तीस वर्षांच्या सवयीने जिभेने आपलं काम करून टाकलं होतं, मालकिणीला न विचारता. धनेश तिच्याकडे बघून हसला, कृतज्ञ, डोळ्यांत पाणी. तात्या शेवटाला आले होते. "काय चूकभूल झाली आसात ती पदरात घे, आनी लेकरांक संभाळ म्हाराजा." व्हय म्हाराजा. तात्या नारळाकडे वाकले. आता तो उचलला की संपलं. इरावतीच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख होती, तात्यांचंच शेवटचं वाक्य. चूकभूल पदरात घे. देवाने तेवढी फट ठेवलीय. "तात्या," ती म्हणाली, "नारळ उचलू नका. एक गाऱ्हाणं राहिलंय."

तात्या वाकलेलेच राहिले. "कोणाचा?" "माझं." "तुजा? तुजा तर काय नसता गो." "आहे. यंदा आहे." तात्या सरळ झाले. "बरा. माका सांग, मी घालतंय." "नाही तात्या. मीच घालते." धनेशचं हसू तोंडावर होतं तिथेच थांबलं. वैभव म्हणाला, "आई, काय झालं?" तात्यांनी डोकं खाजवलं. या घरात बाईमाणसाने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी खुर्चीतल्या जाईबाईंकडे पाहिलं, घरातली थोरली म्हणून. जाईबाई म्हणाल्या, "घालांदे तिका. देवाक काय बापयांचाच आयकाक येता?" तात्या एक पाऊल बाजूला झाले.

इरावतीने हात जोडले. चष्म्याच्या काचेवर उदबत्तीचा धूर येत होता. "बा देवा म्हाराजा," तिने सुरुवात केली, "ही इरावती, आज पयल्यांदाच तुझ्या पुढ्यात उभी आसा." मालवणी तिथेच संपली. पुढे ती आपल्या भाषेत बोलली. "मघाशी माझ्या तोंडून सवयीने व्हय गेलं, ती चूक पदरात घे. मला गावी राहायला जायचं नाही, म्हाराजा. धनेशचं घर आहे, विहीर आहे, कलमं आहेत, त्याला तिथे सुखी ठेव. शिमग्याला येईन, चतुर्थीला येईन, तो आजारी पडला तर पहिल्या गाडीने येईन. पण राहीन इथे. पोरांना खोली देऊन मी स्वयंपाकघरात झोपेन. हाताने दांडी वळवता येते तोवर दुकानात जाईन. लोकांना नीट दिसायला लागतं, ते मला बघायचं असतं. आणखी काही कारण नाही. माझा कुणावर राग नाही. याच्याहून मोठी दुःखं इथून हाकेच्या अंतरावर आहेत, ते मला ठाऊक आहे, लहानपणीच दाखवलंय. पण त्यांचं ते त्यांचं, आणि माझं हे आहे. एवढं ऐकून घे, म्हाराजा."

मागून व्हय आलं नाही. गाऱ्हाणं हवेत तसंच राहिलं. पंखा फिरत होता. वरच्या घरात कुणीतरी खुर्ची सरकवली. इरावतीने मागे वळून पाहिलं नाही, हात जोडलेलेच ठेवले, आणि ठरवलं की व्हय येईपर्यंत इथून हलायचं नाही, मग संध्याकाळ झाली तरी चालेल. मग खुर्चीतून एक बारीक, चिरका आवाज आला. "व्हय म्हाराजा." जाईबाई. आणि श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "आनी माका पण हयच ठेव म्हाराजा. थय मी कोणाक इचारू, आज कोणाक चष्मो दिलंस?" वैभवला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा." तात्यांनी एकदा आढ्याकडे पाहिलं, एकदा नारळाकडे. "व्हय म्हाराजा," त्यांनी मोठ्याने म्हटलं, कायद्याप्रमाणे. मग धनेशकडे वळले. "धन्या, तुझो आवाज येवक नाय."

धनेश भिंतीला टेकून उभा होता. फोन हातात होता. "तुला हे आधी नाही सांगता आलं?" तो इरावतीला म्हणाला. आवाजात राग असता तर सोपं गेलं असतं. राग नव्हता. इरावती म्हणाली, "आधी मला ते गाऱ्हाणं आहे असंच वाटलं नव्हतं." त्याने फोन खिशात टाकला. तात्या थांबले होते, ते घाई करणारे नव्हेत. "व्हय," धनेश म्हणाला. मग पुष्कळ वेळाने, नारळाकडे बघून, "म्हाराजा."

तात्यांनी नारळ उचलला आणि वैभवला घेऊन मोरीकडे फोडायला गेले. धनेश पलंगाच्या कडेवर बसला. खांदे उतरलेले. इतक्या वर्षांत त्याने मनातल्या मनात त्या घरात दोघांसाठी काय काय मांडलं असेल, पडवीत दोन खुर्च्या, संध्याकाळचा चहा, आणि आता त्यातली एक उचलावी लागणार होती. आतला काटा हलेल म्हणून इरावती क्षणभर थांबली. तो हलला नाही. धनेशचं दुःख मोठं की लहान, ते तिने कशाशीही लावून बघितलं नाही. दुखतंय एवढं दिसत होतं. ती जाऊन त्याच्या शेजारी बसली. "तो पंपाचा व्हिडिओ लाव परत," ती म्हणाली. "आणि चालू कसा करायचा ते मला पण दाखव. शिमग्याला आले की लागेल."